तंग कोटांचं गौडबंगाल

शिवणकाकू गिऱ्हाइकांचं कापड चोरतात, ही कुजबुज सुरू झाली बेकरीच्या रांगेत. जिचा नवा झगा दंडात काचत होता तिने ती सोडली आणि मागचीने फोडणी घातली, "अगं, प्रत्येकीचं थोडं थोडं मारलं तरी बाईचे वर्षाचे कपडे फुकट!" अशा बातमीला पाय नसतात, तरी ती सगळ्यांच्या आधी पोचते.

काकूंच्या दारात ती पोचली बँडमास्तरांबरोबर. वानगीदाखल शिवलेला कोट घालून त्यांच्या कर्णेवाल्याने छाती भरून श्वास घेतला, आणि मधलं बटण उडून थेट ढोलावर वाजलं.

"ताल चुकला नाही हो," मास्तर म्हणाले, "पण शनिवारी कोट नीट बसला नाही, तर अख्ख्या बँडचं काम समोरच्या शिंप्याकडे. लोक काय म्हणतात ते मी बोलत नाही."

बोललेच की!

काकूंना राग यायला हवा होता, आलं कुतूहल. मापं त्यांच्याच हातची. टेप सैल पडली म्हणावी, तर नवी टेपही तेच सांगत होती. गिऱ्हाइकं सुटली म्हणावं, तर सगळी एकदम कशी सुटतील? शेवटी त्यांनी कोट उसवून कागदी नमुन्यावर ठेवला. तंतोतंत!

खांदा धरल्यापासून काकू नमुने कॉम्प्युटरवर आखायच्या, छापून पानं एकमेकांना चिकटवायच्या आणि त्यावरून कापायच्या. म्हणजे कापडाने कागदाचं ऐकलं होतं. मग त्यांनी कागदालाच टेप लावली. दहा सेंटीमीटरची म्हणून आखलेली रेघ दहाला पोचतच नव्हती.

"वन्सं, लवकर या! प्रिंटर खोटं बोलतोय."

ऑफिसात काम करणारी नणंद चहाचा कप घेऊनच आली. पडद्यावरच्या छपाईच्या खिडकीत तर आकार चक्क शंभर टक्के लिहिलेला. "आमच्या दादासारखाच दिसतोय," ती म्हणाली. "तोंडावर हो म्हणायचं आणि करायचं मनातलं." तिने वायर काढून घातली, कागद बदलला. रेघ काही वाढेना.

"पण हे शंभर टक्के म्हणतंय कोण?" काकूंनी विचारलं. "कॉम्प्युटर की प्रिंटर?"

नणंद थबकली. "कॉम्प्युटर. त्याचं बोलणं प्रिंटरला समजावून सांगायला मध्ये एक ड्रायव्हर असतो."

"मधला माणूस! मग लावालावी तिथेच. त्याला विचारा ना!"

ड्रायव्हरची सेटिंग उघडली, तर 'कागदात मावेल असं छापा' यापुढे बरोबरची खूण. नणंदेने ती काढली. पुढच्या छपाईला पुन्हा हजर. "वहिनी, ही तर तुमच्यापेक्षा हट्टी!" मग तिने प्रिंटरच्या कायमच्या सेटिंगमध्ये जाऊन ती पुसली. काकूंनी नव्या पानावर टेप ठेवली, आणि दोघी एकदमच ओरडल्या, "दहा!"

शनिवारी नव्याने शिवलेल्या कोटात कर्णेवाल्याने डोळे मिटून एवढा लांब सूर धरला, की मास्तरांनीच हात वर केला. बटण जागेवर होतं. "उरलेल्यांना मापं द्यायला पाठवतो," ते म्हणाले.

काकूंनी कुणाचं बोटभरही कापड ठेवलेलं नव्हतं. मध्यंतरी बिघडलेला कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला तेव्हा ड्रायव्हर नव्याने घातला गेला होता, आणि त्यातल्या त्या खुणेमुळे प्रत्येक नमुना तीन टक्के लहान छापला जात होता.