आबांच्या हत्यारांचा स्टँड

सव्वा महिना झाला. शेजारच्या दुकानात धुळ्याहून फोन आला, प्रल्हाद गेला. माझा आतेभाऊ, माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा. जळगावहून एसटीने निघालो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण खोटं कशाला बोलू, पारोळ्यापर्यंत मनात एकच विचार... आता आबांची हत्यारं कोणाकडे जाणार? लिहायला लाज वाटते. पण प्रल्हादवर लिहायचं आणि माझं जळणं वगळायचं, तर उरतं काय?

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्यात त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप. प्रल्हाद भडगावचा, दहावी नापास झाला आणि आमच्याकडे कामाला आला. मी आयटीआय केलेला, सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममध्ये. तरी आबांची पहिली हाक त्यालाच. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझा.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट असेल. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगचं भंगार निघालं. आबांनी हातगाडीभर जुने अँगल आणि पत्रे आणले, दोन वाटे केले आणि म्हणाले, "हत्यारं ठेवाले एकेक स्टँड बनाडा. ज्याना डुलनार नही, खंडेनवमीले त्यावरच मना हत्यारं पूजसू." दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं धुऊन-पुसून त्यांना झेंडू वाहायचा, हे दरवर्षीचंच. पण त्या वर्षी ती माझ्या स्टँडवर मांडली गेली असती, म्हणजे आबांनी माझा हात मान्य केला असता. मला तेवढंच हवं होतं.

चारही कोपरे आधी नुसते टाके मारून धरायचे, सुतळीने तिरकं माप जुळवायचं, मगच आलटून पालटून वेल्डिंग भरायचं, हे मला तोंडपाठ. पण प्रल्हाद शांतपणे सुतळी धरून बसलेला दिसला आणि त्याच्या आधी संपवायचं भूत डोक्यात शिरलं. एक पाय मी एका दमात भरून टाकला. गार होताना अँगल ओढला गेला. आबांनी कोपऱ्यावर तळहात ठेवला. "तुना स्टँड तं नाचस रे, गोविंदा." प्रल्हाद हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

माझा स्टँड मी भंगारवाल्याच्या अंगावर फेकला आणि जळगावला पाइपच्या कारखान्यात लागलो. दिवाळीला घरी जायचो, पण वर्कशॉपची पायरी चढलो नाही. खंडेनवमीला तर नाहीच नाही. आबा गेले तेव्हाही दिवस उरकले आणि परतलो.

प्रल्हादच्या तेराव्याला वहिनींनी वर्कशॉप उघडलं. आबांचा हातोडा, पाने, चिमटे, सगळं स्टँडवर जागच्या जागी. "भाऊजी, हाऊ स्टँड तुमनाच शे. लई जा."

"माझा कसा? प्रल्हादने केलेला ना हा?"

"त्यांनी केलेल्या स्टँडवर घरात पाण्याचा ड्रम आहे."

वाकून पाहिलं. एक पाय कापून नव्याने जोडलेला, बारीक, नेटका. बाकीचे तीन कोपरे जाडेभरडे, माझे. आपलं वेल्डिंग आपल्या अक्षरासारखं ओळखू येतं. वहिनींनी सांगितलं, प्रल्हादने दुसऱ्याच दिवशी तो भंगारातून परत आणला होता. पुढच्या वर्षापासून आबांची हत्यारं माझ्याच स्टँडवर पुजली जात होती.

"मग मला सांगितलं का नाही कोणी?"

"आबा सांगू द्यायचे नाहीत. म्हणायचे, खंडेनवमीला येईल तेव्हा पाहील... दरवर्षी नारळ फोडायला उशीर करायचे."

स्टँड आता माझ्या ओट्यावर आहे. रोज सकाळी कोपऱ्यावर तळहात दाबून पाहतो. डुलत नाही. डुलेल कसा? तो पाय प्रल्हादचा आहे. जाता जाताही माझ्यापेक्षा सरस काम करून गेला, लेकाचा.