बळदात उतरलेली मुलगी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही, घरातही नाही. शेजाऱ्यांची ज्वारी कुठं दडवली आहे हे लेव्हीच्या साहेबाला कळलं, ते माझ्या तोंडून.

लढाईची वर्षं होती; सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीनं धान्य वसूल करी, तीच लेव्ही. नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात मी मास्तर होतो. एका शेतकऱ्याच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो: मी, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मुलीच्या तोंडाला दिवसभर विसावा नसे. आमची आमटी खारट झाल्याचं ती पोस्टमनला सांगे, वाण्याला माझं घोरणं करून दाखवी. मुलगा तिच्या प्रत्येक वाक्यामागं 'मी पण' जोडी. "मला उद्या एरंडेल देणारेत." "मी पण!"

शेजारणीला, म्हणजे त्या शेतकऱ्याच्या बायकोला, मुलं मामी म्हणत. मामींच्या घरात भिंतीच्या पोटात बळद होतं, म्हणजे धान्य साठवायची पोकळी. तिचं तोंड इतकं अरुंद, की ती झाडायला लहान मूलच आत सोडावं लागे. त्या वर्षी मामींनी आमच्या मुलीला कमरेला धोतर बांधून, हातात केरसुणी देऊन आत उतरवलं. वर आली ती धुळीनं भुरी होऊन.

"अण्णा, मी आत कू केलं तर भिंतच कू म्हणाली! मी विचारलं, जेवलीस का? तर ती मलाच विचारते, जेवलीस का!"

"मी पण जेवलो," मुलगा म्हणाला.

मामी हसल्या. "मास्तर, लई बोलती तुमची पोरगी. पर हे भाईर बोलू नगं गं बाय." पुढं ज्वारी आली, तेव्हा सरकारला द्यायची तेवढी देऊन उरलेली त्यांनी न दाखवता बळदात भरली आणि तोंड लिंपून टाकलं. घरात खाणारी नऊ माणसं होती.

साहेब आला तेव्हा धान्याच्या याद्या लिहायला मला बसवलं. दुपारी तो आमच्याकडं चहाला आला. माझ्या अक्षराची त्यानं तारीफ केली. मुलीनं त्याला मांजरीच्या पिल्लांची हकीकत ऐकवली आणि ती खेळायला पळाली. साहेब हसत होता. त्याला आणखी हसवावं म्हणून मी भिंतीची गोष्ट सांगितली, तिच्या आवाजात, कू करून. तो पोट धरून हसला. मग बशी खाली ठेवत म्हणाला, "कुठली हो ही भिंत?"

थाप मारायला वेळ होता. सासुरवाडीची म्हणालो असतो तरी भागलं असतं.

"शेजारीच," मी म्हणालो.

जीभ घसरली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ती घसरली नव्हती. साहेबाला खोटं सांगवलं नाही, शेजाऱ्याला बुडवायला मात्र काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत फोडली. ज्वारी पोत्यांत भरून गाडीवर चढली. मामी अंगणात नुसत्या उभ्या होत्या. गाडी गेल्यावर म्हणाल्या, "पोरगीच बोलली असंल. काल साहेबाम्होरं बसली हुती, म्या बघितलं. दुसऱ्या कुनाला ठावं हाय?"

बायकोनं मुलीला हाताला धरून अंगणात आणलं. "काय गं, साहेबांशी बोलत होतीस ना?"

"बोलले."

"बळदाचं सांगितलंस?"

मुलगी विचार करू लागली. मी दारात होतो, तोंडाला दाढीचा साबण. आता ती नाही म्हणेल, मग सगळे माझ्याकडं वळतील, असं मला वाटलं.

"सांगितलं असेल," ती म्हणाली. "मी सगळंच सांगते ना."

न केलेली गोष्ट तिनं कबूल केली होती, आणि तिला ती खरीच वाटत होती. बायकोनं तिच्या थोबाडीत मारली. "मी पण सांगितलं!" मुलगा ओरडला. कुणी हसलं नाही. मी आत गेलो आणि दाढी पुरी केली. गालावर कुठं कापलंसुद्धा नाही.

मामींनी आमच्याशी बोलणं टाकलं नाही. फक्त मुलीला पुन्हा घरात बोलावलं नाही. आठवड्याभरानं ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अण्णा, पांढऱ्या पिल्लानं डोळे उघडले. हे सांगितलं तर चालेल?"

"सांग की."

ती दारापर्यंत गेली, परत आली. "नको. राहू दे."

आता तिचं लग्न ठरलं आहे. पाहायला आलेली मंडळी म्हणाली, मुलगी कमी बोलते हे छान. मी मान डोलावली. परवा पत्रिकांची यादी करताना बायकोनं मामींचं नाव काढलं, तेव्हा मुलगी खाली बघत म्हणाली, "त्यांना कुठल्या तोंडानं बोलवायचं?"

मी हबकलो. मला वाटत होतं, ती कधीच विसरली.

साहेबाला तिनं सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. हे तिला आणि मामींना समोर बसून सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.