गॅलरीतलं तिवर

बाप दोन महिन्यांसाठी मस्कतला आला तो माझ्याच हट्टापायी. मला त्याच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं, "जाऊ दे पोरा, झालं ते झालं." बाकी काही नको होतं. पण म्हातारा महिनाभर मूग गिळून बसला होता.

आमचं शेत रायगडात, खाडीच्या मुखाशी. बाहेर भरतीचं पाणी, मधे मातीचा बांध, आत भात. उधाणाने बांध फुटला की घरटी एक माणूस चिखलात उतरणार, हा गावचा रिवाज. पाच वर्षांपूर्वी फुटला तेव्हा बापाचा फोन आला, "ये. आपल्या घरचा माणूस हवा." मी म्हटलं, अर्बाब, म्हणजे इथला मालक, सुट्टी देत नाही. साफ खोटं! ईदची सुट्टी होती, आम्ही फिरायला सलालाला निघालो होतो. शेवटी सत्तरीचा बापच कमरेएवढ्या चिखलात उतरला आणि तोंडावर पडला. "पोरगा मस्कतला, म्हातारा गाळात," म्हणून लोक हसले. हसणाऱ्यांचे मुलगे तरी कुठे आले होते? बांध काही उभा राहिला नाही. खारं पाणी आत शिरलं, त्यामागून तिवरं, ती खारफुटीची झाडं, उगवली. ती तोडायला सरकारची बंदी. शेत खलास.

परवा माझी आठ वर्षांची मुलगी शाळेतून तिवराच्या रोपाची कुंडी घेऊन आली आणि गॅलरीत ठेवली. शाळेने त्यांना किनाऱ्यावर तिवरं दाखवायला नेलं होतं. इथे ती कुंपण घालून जपतात. "आजोबा, हे माझं प्रोजेक्ट! याला रोज किती वॉटर घालू?"

रोप बघून मी बापाकडे पाहिलं. वाटलं, म्हातारा आता ते उपटून खाली रस्त्यावर भिरकावतो. खरं सांगू? भिरकावावं असंच वाटत होतं. एकदाची फिटंफाट झाली असती.

त्याने एक पान जिभेला लावून पाहिलं. मग नातीला मांडीवर घेतलं आणि माझ्याशी जन्मात बोलला नाही इतक्या मायेने म्हणाला, "याला काहीच करावं लागत नाही, बाय. घरचा माणूस लांब गेला, बोलावूनही आला नाही, की हे आपोआप वाढतं."

तिने ते मन लावून इंग्रजीत वहीत उतरवलं आणि पेन्सिल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, मग तू लांब कधी जाणार? संडेला हाइट मोजायची आहे."

आल्यापासून बाप पहिल्यांदा हसला.