धुतलेलं लुगडं

मुलाकडे परदेशी कायमचं जायचं ठरलं, पण कुत्र्याला सोडून मी जाणार नव्हते. विमानात त्याला पिंजऱ्यात बसावं लागणार होतं. म्हणून महिनाभर मी पिंजऱ्यात माझं मासे विकताना नेसायचं जुनं लुगडं अंथरलं आणि तो त्यावर निजायला शिकला. निघायच्या आदल्या दिवशी मात्र परक्या देशात मासळीचा वास न्यायची मला लाज वाटली. मी लुगडं साबणाने धुतलं आणि कुत्रा आत जाईना.

“आये, काय केलंस गो ह्यां! आता तूच बस पिंजऱ्यात,” न्यायला आलेला मुलगा म्हणाला.

मी बांगडे साफ केले आणि हात त्याच लुगड्याला पुसले. कुत्रा लगेच आत शिरला.

तिकडे उतरल्यावर पिंजरा उघडणाऱ्या माणसाने नाक दाबलं. कुत्रा मजेत झोपला होता. मला अजिबात लाज वाटली नाही.