आबांची घंटी, दोनदा

"पोहरा भ्यानं सुटायचा रं," असं आजी म्हणाली, आणि तिथून माझं डोकं चालायचं बंद झालंय.

आज माझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, जाऊन महिना झाला.

आबांची स्टोरी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. नवीन सून आली की तिलाही ऐकवतात.

पन्नास-साठच्या मधली गोष्ट. पिंपरीच्या माळावर कंपनी नवीन निघालेली. पुनावळ्यातून तिथे लागलेल्या पहिल्या पोरांपैकी आबा. बुडाखाली नवी सायकल.

रोज सकाळी पुनावळे ते पिंपरी. वाटेत थेरगाव. थेरगावात विहीर. विहिरीवर पाणी शेंदणारी आजी, तेव्हा परकरातली पोर.

विहिरीपाशी आले की आबा घंटी वाजवायचे. दोनदा. थांबायचे नाहीत, बघायचे नाहीत. ट्रिंग ट्रिंग आणि पुढे.

ऊन, पाऊस, चिखल, कायपण असो. रोज.

आणि रोज घंटी वाजली की आजीच्या हातातला दोर सुटून पोहरा विहिरीत.

"प्रेम असं पायजे," काका प्रत्येक लग्नात हे सांगतो. सगळे हसतात. आजी पदर तोंडाला लावते.

आम्हाला वाटायचं, लाजते.

सायकल गेली, स्कूटर आली. मग फ्लॅट आला, लिफ्ट आली. आबा रिटायर झाले. पण घरी आले की बेल दोनदा. खाली कोथिंबीर आणायला गेले तरी दोनदा. दुसरी बेल वाजेपर्यंत आजीचं चहाचं पातेलं गॅसवर.

शेवटी शेवटी आबा कुणाला ओळखत नव्हते. पण पडल्या पडल्या अंगठा पलंगाच्या दांडीवर दाबायचे. दोनदा.

आणि आजी खुर्चीतून अर्धी उठायची.

आता माझं.

मी डिप्लोमा मधेच का सोडला ते जवळच्या मित्रांना माहितीये. बाकीच्यांनी विचारू नका, टाळकं फिरतं माझं.

एक मुलगी आहे. नाव लिहीत नाही. चाकणला कंपनीत आहे, कंपनीची बस तिला डांगे चौकात सोडते. ती मला नाही म्हणाली होती. मी ते फक्त आबांना सांगितलं.

आबा म्हणाले, "म्हनू दे न्हाई. तू रोज दिसत जा. दगडाला बी सवय लागती."

मग मी रोज. बस आली की मागे माझी बाईक, तिच्या बिल्डिंगखाली हॉर्न. दोनदा. थांबायचं नाही, बघायचं नाही.

तिची शिफ्ट बदलली की माझं टाइमटेबल बदलायचं. लेक्चर गेलं, सबमिशन गेलं, मग कॉलेजच गेलं.

दिवाळीनंतर एकदा तिनेच मला चौकात थांबवलं. सोबत मैत्रीण होती.

"हॉर्न वाजला की माझ्या हातातलं पडतं," ती म्हणाली. "काल कप फुटला."

राव, मला काय वाटलं असेल?

ती पुढे अजून बोलत होती. मी ऐकलंच नाही. घरी येऊन आबांना मिठी मारली. म्हटलं, "आबा, पोहरा सुटला."

आबा खूश. मी पण.

दहाव्याला नदीवर एका पुढाऱ्याने माइकवरून हीच स्टोरी सांगितली. रडणारी माणसंसुद्धा हसली.

घरी आल्यावर मी आजीच्या पायाशी बसलो. म्हटलं, "आजी, तुला आबा पहिल्यापासून आवडायचे ना?"

"कुनी सांगितलं?"

"पोहरा सुटायचा की तुझा."

तेव्हा ती ते बोलली. भ्यानं सुटायचा.

"समदं गाव म्हनायचं, पुनावळ्याची घंटी हिच्यासाठनं वाजती. मी कंदी वर बघितलं न्हाई. तरी बाप मारायचा. मग म्हनला, आता हिला दुसरं कोन करनार? दिली ह्यांनाच. मला इचारलं व्हय कुनी?"

माझं सटकलं. मी ओरडलोच. "मग इतकी वर्षं चहा कशाला ठेवत होतीस?"

"तू का वरडतो माझ्यावर?" आजी म्हणाली. "लागली सवय. मानूस चांगला हुता. हात उगारला न्हाई, येळंवर घरी आले. घंटी वाजली की वाटायचं, आले बया, समदं ठीक हाय."

मग तिने दाराकडे बघितलं.

"आदी वाजायची म्हनून भ्या वाटायचं. आता वाजत न्हाई म्हनून वाटतंय."

म्हणजे काय, राव?

ज्या घंटीपायी आजीने मार खाल्ला, त्याच घंटीवर आमचं अख्खं घर चाललं. मी त्या घरातला. आबांवर चिडायला गेलो तर रडू येतं. आजीची कीव करायला गेलो तर ती म्हणते, चहा घे.

आणि चौकात मी न ऐकलेलं तिचं पुढचं वाक्य आता आठवतंय. म्हणजे कानावर पडलं होतंच.

"आई बाल्कनीचं दार लावून घेते. मला भीती वाटते रे."

आता सहा वाजत आलेत. चाकणची बस मोशी सोडून पुढे आली असेल. मी ठरवलं नव्हतं, तरी पायात शूज आहेत. हात आपोआप किल्लीकडे जातोय. आत आजीने चहाचं पातेलं ठेवलंय, दोघांचं, तिचं न् आबांचं. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

किल्ली खुंटीलाच राहू दे. उद्याचं माहीत नाही, खोटं कशाला बोलू.

आबा, तुमच्याशी भांडायचं होतं. आता कुणाशी भांडू? पाया पडतो. सुखाने जा.

"कुटं निघाला?" आजी आतून विचारतेय.

"पायी. असंच."

"येताना बेल दाब."

"किती वेळा?"

पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"योकदाच दाब."

निघालो. दार ओढून घेतलं.