डावीकडची सीट आणि मरोळची डबी

रविवारी सकाळी आम्ही दोघं मुलुंडहून निघालो तेव्हा बाबा नेहमीसारखे पुढे, डावीकडच्या सीटवर बसले होते. मोहीम होती त्यांना त्या सीटवरून हटवण्याची, आणि हे त्यांना सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या महिन्यात गाडीने गावी, कोकणात जायचं आहे. बाबा वाटेत रस्ता सांगतात. मागच्या खेपेला पनवेलला निघालो होतो आणि त्यांनी आम्हाला कांजूरमार्गचा कचरा डेपो जवळून दाखवून आणला. आमच्या जुन्या गाडीच्या कंपनीच्या स्टिरिओला एक छोटा पडदा आहे. फोन वायरीने जोडला की त्यावर नकाशा दिसतो. पण नेमकं वळण आलं की बाबांचा गुडघा वायरीला लागतो, नकाशा जातो आणि राज्य पुन्हा बाबांचं. माझी बायको स्मिता म्हणाली, "वायरच नको. बिनवायरचं करून घे, बाबा मागे बसतील, मी पुढे." मरोळला एक दुकानदार फोन बिनवायरीने जोडणारी डबी बसवून देतो असं कळलं होतं. स्टिरिओ काढायचा नाही, तोडफोड नाही.

भांडुपला बाबांनी सुरुवात केली. "हयसून (इथून) डावीकडे घे. कारखान्याचो भोंगो आसा ना, थंयच."

त्या भोंग्याच्या जागी आता टोलेजंग इमारत आहे, तिच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव आहे म्हणे. मी सरळ गेलो. बाबांनी जीभ टाळ्याला लावून च् केलं. पवईच्या तलावाजवळ गर्दीत अडकलो तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा खुलला. "सांगत होतंय तुका!" तलावावर बगळे होते, झुळूक छान होती, पण बाबांनी मला त्याची मजा घेऊ दिली नाही.

मरोळला दुकान म्हणजे एका गाळ्याचा अर्धा भाग. दुकानदाराने काड्यापेटीएवढी डबी दाखवली, पडद्याखालच्या खाचेत खोचली आणि म्हणाला, "झकास काम आहे साहेब. थोडा टाइम लागेल."

बाबा एकदम मऊ आवाजात म्हणाले, "मरोळात इलंव तर सुक्या मासळीच्या बाजारात जा रे. बोंबील आण. जवळा (सुकी बारीक कोलंबी) पण. मी थांबतंय गाडीकडे."

एवढे समजूतदार बाबा पाहून मला शंका यायला हवी होती. पण भूक लागली होती. बाजारात एका कोळीणबाईंनी बोंबील तोलता तोलता विचारलं, "गाडी हाय ना? काच उघडी ठेव, नायतर वास निघायचा नाय." त्यांचं ऐकलं आणि येताना शेजारच्या खानावळीत तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि दोन भाकऱ्या खाऊन घेतल्या. बाबांसाठी बांधूनही घेतलं. तिखट असं की नाक वाहायला लागलं, पण फार बरं वाटलं.

परत आलो तर बाबा सीटवर ताठ बसलेले, आणि पडद्यावर नकाशा. माझा फोन माझ्या खिशातच होता.

"हा कुणाचा फोन लागलाय?"

दुकानदार हसला. "काका बोलले, गाडीचे मालक तेच. पहिला जो फोन जोडला ना, डबी आधी तोच पकडणार."

"कागदपत्रांवर नाव माझा आसा," बाबा म्हणाले आणि भाकरीचं पुडकं सोडायला लागले.

वाट लागली होती, पण भर बाजारात बापाशी काय भांडणार? घरी जाऊन बदलू म्हटलं. येताना नकाशातली बाई आदराने "उजवीकडे वळा" म्हणायची आणि तिचं वाक्य संपायच्या आत बाबा ओरडायचे, "उजवीकडे!" त्यांनी एकदाही चूक केली नाही. मी त्यांच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. ते पडद्याकडेच बघत होते. मागच्या सीटवर बोंबील दरवळत होते.

सोसायटीत पोचलो. बाबा फोन घेऊन पहिल्या मजल्यावर घरी गेले. मी गाडी बंद करून बोंबील काढतोय तोवर शेजाऱ्यांना गाडी बाहेर काढायची होती, म्हणून माझी थोडी पुढे घ्यायला परत चालू केली. डबीचा दिवा लुकलुकला आणि स्टिरिओतून गावच्या आत्याचा आवाज आला. वर बाबा तिच्याशी बोलत होते आणि खाली गाडीने त्यांचा फोन पकडला होता.

"अरे दादा, रस्तो आठवणा नाय तर पोराक कित्याक (कशाला) सांगत बसतंस? काय म्हणालंस, गप बसलंय तर पुढे कोण बसवतलो? आणि मागसून (नंतर) काय हळूहळू घराकच ठेवून जातले? खुळो रे तू! दादा? ऐकतंस मां?"

वर गॅलरीत बाबा फोन हलवत "हॅलो, हॅलो" करत होते. मी चटकन गाडी बंद केली. मोहिमेची लाज वाटली, खरंच वाटली.

शेजाऱ्यांनी हॉर्न दिला. गाडी ढकलतच पुढे घेतली. मग बोंबील घेऊन वर गेलो. बाबांचा फोन संपला होता.

"बाबा, त्या नकाशातल्या बाईचा आवाज आपण बंद करून टाकू. गावी जाताना रस्ता तुम्हीच सांगा. पुढे बसून."

स्मिता स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत राहिली. तिला नंतर समजवायचं होतं.

बाबांनी चष्मा पुसला. "मगे? मीच सांगतलंय." मग स्मिताला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "पडदो मात्र चालू ठेव हां."