भोंग्यावर पडलेली विकेट

फिनेलचा वास आला की कंपनीच्या दवाखान्यातून मागून आणलेला तो पांढरा कोट आठवतो. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात खात्याखात्यांची क्रिकेटची फायनल होती आणि तो कोट घालून मी अंपायर झालो होतो. गोलंदाजी करणाऱ्या आमच्याच खात्याच्या फोरमनच्या हातून चेंडू सुटला आणि जेवणाचा भोंगा वाजला. समोरच्या लेथवाल्यानं बॅट खाली टेकवून ग्लोव्हज काढायला घेतले, तोवर दांडी उडाली. असा व्यत्यय आला तर चेंडू पुन्हा टाकायचा, हा नियम मला पाठ होता. "राव, भोंगा झाला, हात आपोआप सुटला," लेथवाला म्हणाला. फोरमन नुसता माझ्याकडे बघत होता. मी बोट वर केलं. आज वाटतं, हात लेथवाल्याचे आणि माझे, दोघांचेही सवयीनंच हलले. त्याला निदान तसं सांगता तरी आलं.